बायोमेट्रिकचे अंगठेबहाद्दर

गेले काही दिवस एक मेसेज इकडं प्रत्येक ग्रुपवर फिरतोय, पालकांच्या, प्राध्यापकांच्या, परवा तर भिशीच्या ग्रुपवर पण आला. लांबलचक आहे, थोडक्यात सांगते. आजकालच्या कॉलेजच्या पोरांना शिकायचंच नाही म्हणून वर्ग ओस पडलेत, उपाय एकच, अंगठा घेऊन हजेरी लावणारं बायोमेट्रिक मशीन लावा आणि हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली की परीक्षेला बसूच देऊ नका, मोबाईल गेटवर जमा करा, पोरांचा सहभाग मोजायला फीडबॅक फॉर्म आहेतच आणि त्यात सगळं चांगलंच येतंय म्हणजे शिकवण्यात खोट नाही, आणि ते ॲक्टिव्ह लर्निंग, म्हणजे वर्गातच पोरांना प्रश्न सोडवायला, बोलायला लावणं, वगैरे परदेशी फॅड, शंभर-सव्वाशेच्या वर्गात जमत नसतं. शेवटी 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं तरी आम्ही घडलोच ना' आणि हात जोडलेले इमोजी.

मी सोलापुरात बीकॉमच्या पोरांना सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवते. तास झाला तर पैसे. त्यामुळं वर्ग भरलेला असावा असं मला मेसेज लिहिणाऱ्यापेक्षा जरा जास्तच वाटतं, हे आधी सांगून ठेवते, नाहीतर लगेच कुणीतरी म्हणणार की मॅडम पोरांची बाजू घेतात.

'शिकायचंच नाही' इथनं सुरू करू. हे लिहिणाऱ्यानं संध्याकाळी शहरातल्या कुठल्याही अभ्यासिकेत डोकावून बघावं. पोलीस भरती, तलाठी, बँक, एमपीएससी, पोरं महिन्याला पैसे भरून खुर्ची धरून बसलेली असतात रात्रीपर्यंत, आणि यातलीच कितीतरी पोरं सकाळी माझ्या वर्गात गैरहजर असतात. म्हणजे बसायची तयारी आहे, वाचायची पण आहे, फक्त कॉलेजच्या तासाला बसून काय हाती लागतं ते त्यांना दिसत नाही. हा प्रश्न आळसाचा नाही, आणि त्याचं उत्तर आपण दिलं पाहिजे, त्यांनी नाही.

बाकीची कुठं असतात? शहराच्या पूर्व भागातली पोरं लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, टॉवेलच्या कारखान्यात, कुणी एमआयडीसीत रात्रपाळीला, कुणी मेडिकलमध्ये, कुणी डिलिव्हरीवर. पोरींच्या आया विड्या वळतात, हजार विडीमागं मजुरी, मग घरात पानं कापून द्यायला कोण, तर कॉलेजला जाणारी पोरगीच. आणि पाणी! सोलापुरात वर्षानुवर्षं रोज पाणी आलेलं नाही, काही दिवसांआड येतं, आणि ज्या दिवशी ज्या पेठेत पाणी त्या दिवशी त्या पेठेतल्या पोरी पहिल्या तासाला नसतात, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा. अक्कलकोट, मोहोळकडनं येणाऱ्यांचं सगळं गावातल्या मुक्कामी एसटीवर, ती चुकली की पहिले दोन तास गेले. आता यात टपरीवर बसून टाइमपास करणारी पण आहेत, नाहीत असं नाही, पण सगळ्यांना एकाच रांगेत उभं करून 'शिकायचंच नाही' म्हणणं म्हणजे रोग न बघता गोळी देणं झालं.

आता मेसेजचा मुख्य मुद्दा, हजेरी. इथं अर्धं बरोबर आहे आणि ते मान्य केलं पाहिजे. २०१० मध्ये संशोधक मार्कस क्रेडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या कॉलेजांवरच्या आधीच्या अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला होता, त्यात असं दिसलं की तासाला येणं आणि चांगले मार्क यांचं नातं लई घट्ट आहे, इतकं की प्रवेश परीक्षेचे गुण किंवा शाळेतले मार्क यापेक्षा पण हजेरीवरनं निकालाचा अंदाज जास्त चांगला येतो. ऐकायला मेसेजच्या बाजूचंच वाटतं. पण त्याच अभ्यासात पुढं हे पण आहे की हजेरीची सक्ती केली तर सरासरी मार्कांवर होणारा परिणाम थोडासाच असतो. असं का, तर जो स्वतःहून येतो तो येताना मन पण घेऊन येतो, तयारी करून येतो, न कळलेलं विचारतो, आणि सक्तीनं आलेला फक्त शरीर आणतो. मेसेजवाल्यानं पहिलं वाक्य वाचलं आणि दुसरं सोडून दिलं, किंवा दोन्ही वाचलीच नाहीत, हे जास्त शक्य आहे.

आणि सक्ती प्रत्यक्षात कशी होते ते पण बघा. एका कॉलेजात, नाव घेत नाही, मशीन बसलं तेव्हा मी तिथं शिकवत होते. सकाळी मशीनसमोर ही रांग, अंगठा ठेवला, टिंग वाजलं, की रांगेचं शेपूट सरळ मागच्या गेटनं चहाला. रिपोर्ट फर्स्ट क्लास, वर्गात बाकं मोकळी. आणि जे पोरगं रात्रपाळी करून, डोळे चोळत का होईना, वर्गात येऊन बसलं त्याचा अंगठा मशीन घेतच नव्हतं, कारण सूत आणि दोरे हाताळून बोटांच्या रेषा झिजलेल्या. तो तीनतीनदा अंगठा शर्टाला पुसून ठेवायचा, लाल दिवा. महिनाअखेरीला गैरहजरांच्या यादीत तो, आणि चहावाले सगळे हजर. ते पोरगं ऑफिसात अर्ज घेऊन गेलं तर म्हणे मशीन खोटं बोलत नाही.

मग सहभाग मोजायचा कसा? हे काही नवीन कोडं नाही. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातनं २००० पासून एक मोठं सर्वेक्षण चालतं, नॅशनल सर्व्हे ऑफ स्टुडंट एंगेजमेंट, जॉर्ज कूह हे त्याच्यामागचं मोठं नाव. पहिल्या वर्षाच्या आणि शेवटच्या वर्षाच्या पोरांना विचारतात. तू हुशार आहेस का, खूश आहेस का, यापेक्षा तू करतोस काय यावर भर. वर्गात किती वेळा प्रश्न विचारलास, मित्राला एखादा भाग समजावून सांगितलास का, शिक्षकाशी पुढच्या करिअरबद्दल बोललास का, आठवड्यातले किती तास अभ्यासात गेले, किती पैशासाठी काम करण्यात, किती घरच्यांची देखभाल करण्यात, किती जाण्यायेण्यात. शेवटचे तीन प्रश्न बघा जरा. सोलापूरच्या पोरांसाठीच काढलेत असं वाटतं, आणि आपल्याकडच्या फॉर्ममध्ये नेमके तेच मी कधी बघितलेले नाहीत. कूह यांचं म्हणणं असं की सहभागाला दोन बाजू असतात, एक पोरगं किती वेळ आणि कष्ट घालतं, आणि दुसरी संस्था आपला वेळ, पैसा, माणसं कशी लावते की ज्यानं पोराला ते करावंसं वाटेल. मेसेजमध्ये दुसरी बाजू कुठंच नाही.

फीडबॅक फॉर्मचं तर काय सांगावं. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकनं २०१७ च्या नव्या पद्धतीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आणलं, पर्याय निवडायचे वीस प्रश्न आणि एक मोकळा, ज्यात सुधारणेसाठी तीन सूचना मागतात. त्यांचा हेतू वाईट नाही. पण समाधान वेगळं आणि सहभाग वेगळा. ज्या सरांच्या तासाला नोट्स डिक्टेट करून मिळतात, गृहपाठ नाही, परीक्षेत तेच येतं, तिथं पोरं खूश असणारच की बे! हार्वर्डमधल्या फिजिक्सच्या वर्गांवरचा २०१९ चा एक अभ्यास आहे, त्यात पोरांना गटात प्रश्न सोडवायला लावले त्या वर्गांत शिकणं जास्त झालं, पण पोरांना स्वतःला वाटलं की आपण कमी शिकलो, आणि गुळगुळीत लेक्चर ऐकलेल्यांना वाटलं लई कळलं. म्हणजे डोकं चालवायला लागलं की त्रास होतो आणि त्रास झाला की फॉर्मवर तारे कमी. आता सांगा, फॉर्मवर चांगलं येतंय यावरनं शिकवण्यात खोट नाही हे कसं ठरवायचं?

शिवाय फॉर्म भरतात कधी, तर सेमिस्टर संपताना, लॅबमध्ये सगळ्यांना बसवून, मागं कुणीतरी उभं राहून 'चार टाका, चार टाका' म्हणत. त्यातनं काही कळलंच तर त्याचा उपयोग पुढच्या बॅचला, आणि तो पण फाईल उघडली तर. मेंटॉर-मेंटीच्या, म्हणजे प्रत्येक शिक्षकाला नेमून दिलेल्या पोरांच्या भेटी नोंदवायच्या, वह्यांचं तेच. वर्षभराच्या भेटींच्या तारखा एकाच पेनानं एकाच दुपारी भरलेल्या मी बघितल्यात.

मोबाईल जमा करा यावर फार बोलत नाही. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांचं पुस्तक मोबाईलमधल्या पीडीएफमध्ये असतं. तासाला खिशात ठेवा म्हटलं की ठेवतात.

शंभर-सव्वाशेच्या वर्गात जमत नाही, यावर मात्र बोलायचंय, कारण हे म्हणणारे माझे सहकारीच आहेत आणि त्यांची अडचण खोटी नाही. पदं वर्षानुवर्षं रिकामी, एकेक सीएचबीवाला दोन-दोन कॉलेजांत पळत असतो, त्यात आता नव्या शैक्षणिक धोरणाचे क्रेडिट, ऑन जॉब ट्रेनिंग, फील्ड प्रोजेक्ट, प्रत्येकाचा वेगळा रकाना. पण मोठ्या वर्गात काहीच करता येत नाही हे खरं नाही. हार्वर्डमध्येच फिजिक्सचे प्राध्यापक एरिक माझूर नव्वदच्या दशकापासून मोठ्या वर्गात एक साधी गोष्ट करत आले, मध्येच एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकानं आपलं उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग परत उत्तर. आणि अशा पद्धतींवर विज्ञान, इंजिनिअरिंग, गणित विषयांतले २२५ अभ्यास एकत्र करून २०१४ मध्ये जो निष्कर्ष आला तो असा की नुसत्या लेक्चरच्या वर्गात नापास होण्याचं सरासरी प्रमाण ३३.८ टक्के होतं, आणि पोरांना कामाला लावलेल्या वर्गात २१.८. फायदा लहान वर्गात जास्त दिसला हे खरं, पण मोठ्या वर्गात पण दिसला. बीकॉमचे आकडे हे नव्हेत, तरी फॅड म्हणून उडवून लावण्यासारखे पण नव्हेत.

माझ्या वर्गात मी चिठ्ठ्या घेते. तास संपायला दोन-तीन मिनिटं राहिली की वहीचं अर्धं पान फाडायचं, आज काय कळलं नाही ते एका ओळीत लिहायचं, नाव नको. कॉस्टिंगमध्ये ओव्हरहेड, म्हणजे थेट मालावर न धरता येणारा भाडं-विजेसारखा खर्च, शिकवत होते, बोर्डभर लिहिलं होतं, माना डोलत होत्या. चिठ्ठ्या उघडल्या तर 'वीजबिल कुठं धरायचं', 'प्राइम कॉस्टपर्यंत (म्हणजे थेट खर्चापर्यंत) कळलं, पुढं नाही', 'मॅडम मागं पंख्याचा आवाज येतो, तुमचं ऐकूच येत नाही', आणि एका महाभागानं वडापावचं चित्र काढलेलं. पंख्याचं तर दुसऱ्याच दिवशी शिपाईमामांना सांगितलं. आणि ओव्हरहेड परत घेतलं, पण या वेळी पुस्तकातली एबीसी लिमिटेड सोडून एक टॉवेल घेतला. सूत किती, रंगाई किती, लूमवाल्याची मजुरी कशावर, कांड्या भरणाऱ्या बाईची मजुरी कुठं धरायची, लाईट गेली तर लूम बंद पण शेडचं भाडं चालूच, ते कुणाच्या माथी? मागच्या बाकावरची पोरं, जी कधी तोंड उघडत नाहीत, ती अर्धं मराठी अर्धं तेलुगू करत आपसात भांडायला लागली, एक म्हणतो जॉबर (लूमवरचा मुकादम) पगारी माणूस आहे त्याला मजुरीत धरायचं नाही, दुसरा म्हणतो आमच्या मालकाकडं धरतात. तो तास संपलेला कळला नाही. याला खर्च किती आला? वहीचं अर्धं पान.

आणि हे मोजमाप पण आहे बरं का. किती चिठ्ठ्यांत खरा प्रश्न होता आणि किती कोऱ्या आल्या हे दर आठवड्याला बघितलं की वर्ग कुठं सुटतोय ते कळतं, तेही सेमिस्टर चालू असताना, जेव्हा काही करता येतं. तसंच पहिली इंटर्नल परीक्षा झाली की जे बसलेच नाहीत त्यांची यादी काढून फोन करायचा, नोटीस नाही, फोन. निम्मे फोन घरच्यांनाच लागतात आणि तिथं कळतं की पोरगं रात्रपाळीला लागलंय. मग 'कमवा आणि शिका'मध्ये जागा आहे का बघता येतं, तासाची वेळ थोडी मागंपुढं करता येते, निदान नोट्स पोचवता येतात. दर वेळी जमतंच असं नाही, तरीही काही पोरं कॉलेज सोडून जातातच.

'आमच्या वेळी' वाल्यांना एवढंच, तुमच्या एफवायच्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या वर्गात होते त्यातले किती जण टीवायला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला होते ते आठवून बघा. जे मधे गळाले ते या ग्रुपवर नाहीत, म्हणून सगळेच घडले असं वाटतं.

राहिलं मशीनचं. आमच्याकडं पुढच्या कॉलेज विकास समितीच्या बैठकीत बायोमेट्रिकचं कोटेशन येणार आहे असं ऐकते. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानं या समितीत विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधींना जागा दिलीये. ज्यांची ओळख आहे त्यांनी त्या पोरांना सांगा, कोटेशनला हरकत घेऊ नका, फक्त त्याच बैठकीत तीन गोष्टी लेखी मागा. पहिला तास साडेसातला का आहे, पोरांचे कामाचे आणि प्रवासाचे तास कधी विचारणार, आणि मागच्या वर्षीच्या फीडबॅकमधल्या तीन-तीन सूचनांचं काय झालं.