वढाय चालतं, मग शाया का नको?

आमच्या शाळेच्या बॅचच्या व्हॉट्सॲप गटावर गेल्या महिन्यात दोन दिवस खडाजंगी चालली होती. निमित्त एका भिंतीचं. अमळनेरहून पारोळ्याकडे जाताना आमच्या गावाशेजारी एक जिल्हा परिषदेची शाळा लागते, तिची रस्त्याकडची भिंत. तिच्यावर गेरू, चुना आणि निळीनं पुरुषभर उंचीचा एक ‘य’ काढलाय आणि त्या ‘य’च्या पोटात मुलांच्या हातचे शब्द आहेत: शाया, डोया, काया, फया, केया. आमच्या अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो, शाळेची शाया. हे ज्याच्या कार्यशाळेत झालं तो पंचविशीतला पोरगा कविता लिहितो, अहिराणीत रॅप करतो, भिंती रंगवतो आणि शनिवारची सकाळची शाळा सुटली की गावोगावी जाऊन मुलांकडून लिहून घेतो. त्याचं नाव इथे देत नाही. त्याला आधीच पुरेसा ताप झालाय.

गटावर पहिला आक्षेप घेतला तो मित्र स्वतः शिक्षक आहे. त्याचं म्हणणं, आम्ही वर्षभर घासून पोरांचा ‘ळ’ सुधारायचा आणि ह्यानं एका शनिवारी त्यावर पाणी फिरवायचं. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि आपण मुलांना अशुद्ध शिकवतोय. दुसऱ्यानं लिहिलं, रॅप-बिप हे अमेरिकेचं फॅड, आपल्या मातीशी त्याचा काय संबंध? तिसरा म्हणाला, असल्या पोरांचा शेवट पोलीस ठाण्यात होतो. आणि मी मध्ये तोंड घातलं तेव्हा उत्तर आलं, “भाऊ, तू शिकागोमा बसीसन आमले शिकाडू नको. तुनी आंडेर तठे इंग्रजी शाळामा.” तुझी मुलगी तिकडे इंग्रजी शाळेत, हे शेवटचं वाक्य खरं आहे. तेच मनाला लागलं, म्हणून हे सविस्तर लिहायला बसलो.

तो ‘य’ रंगवला जात होता तेव्हा मी तिथे होतो. जानेवारीत आईकडे गेलो होतो. शाळेच्या ओट्यावर तीसेक मुलं बसलेली, पुढ्यात चुन्याची बादली, आणि हा पोरगा रंगाच्या रिकाम्या डब्यावर बोटांनी ताल धरून बसलेला. त्यानं मुलांना एकच गोष्ट विचारली: घरात बोलता, पण शाळेत बोलत नाही, असा एक शब्द सांगा. बराच वेळ कोणी बोलेना. मग मागच्या रांगेतला एक मुलगा हळूच म्हणाला, “शाया.” सगळे हसले आणि हसता हसता सगळ्यांनी बाईंकडे बघून घेतलं.

त्या पोरानं तो शब्द तसाच उचलला. डब्यावर ठेका देत म्हणाला, आता शायाला यमक शोधा. काया, डोया, फया पटापट आले. मग कोणी तरी ‘माया’ म्हणालं. तिथे तो थांबला. फळ्यावर ‘शाळा’ लिहून विचारलं, ह्याला ‘माया’ जुळतं का? नाही जुळत. ‘शाया’ला जुळतं. हे त्यानं काही समजावून सांगितलं नाही. नुसते दोन शब्द शेजारी लिहिले.

सहावीतली एक मुलगी होती. आई-वडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेलेले, ती आजीजवळ राहिलेली. तिनं वहीत एवढंच लिहिलं होतं:

आठे शाया,
तठे माया.

इथे शाळा आहे, माया तिकडे आहे. त्यानं टाळ्या वाजवायला लावल्या नाहीत. “परत म्हन,” एवढंच म्हणाला. तिनं परत म्हटलं. मग तीस मुलांनी डब्याच्या तालावर ते म्हटलं, तीनदा, चारदा, आणि ती मुलगी फरशीकडे बघत राहिली. नंतर तिनंच कुंचला घेतला आणि ‘य’च्या खाली ती ओळ लिहिली. बाईंच्या हातात हजेरीपट होता, तो त्यांनी मिटून मांडीवर ठेवला.

आता माझ्या शिक्षक मित्राला एक प्रश्न विचारतो, आणि तो मनापासून विचारतोय. आपण दोघांनी एकाच वर्गात ‘मन वढाय वढाय’ पाठ केलं होतं. गुरुजींनी त्यात चूक काढली नव्हती. ‘वढाय’ म्हणजे वढाळ. ‘ळ’चा ‘य’ करणारी ती असोद्याची बाई पुस्तकात आली म्हणून वंदनीय झाली, आणि तोच ‘य’ बाकावर बसलेल्या पोराच्या तोंडून आला की छडी? बहिणाबाईंची बोली लेवा गणबोली, आपली अहिराणी, दोन्हींत फरक आहे हे मलाही ठाऊक आहे. पण हा ‘य’ दोन्हीकडे आहे, आणि जळगावच्या ज्या विद्यापीठाची पदवी तुझ्या भिंतीवर टांगलेली आहे, त्याला २०१८ पासून त्याच बाईचं नाव आहे.

बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर, चुलीपुढे त्यांना ओळी सुचत गेल्या. मुलगा सोपानदेव कवी होता, त्यानं आणि घरच्यांनी त्यातलं जेवढं टिपलं तेवढं राहिलं. १९५१ मध्ये त्या गेल्या. मग ते हस्तलिखित अत्र्यांसमोर गेलं आणि १९५२ मध्ये गाणी छापून आली. ऐकणारं कान आणि लिहिणारा हात घरात नसता तर महाराष्ट्राला ती बाई कळलीच नसती. खान्देशात अशा किती जणी चुलीपुढेच संपल्या असतील, ह्याचा विचार मला परदेशात आल्यावर जास्त छळतो. हा पोरगा शनिवारी मोटारसायकलवर जाऊन जे करतो ते मला सोपानदेवांचं काम वाटतं. ज्या घरात सोपानदेव नाही, त्या घरासाठी तो ओट्यावर बसून ऐकतो आणि लिहून घेतो.

अशुद्धतेची भीती मला समजते. ‘शाया’ लिहिणारा मुलगा परीक्षेत मार खाईल, नोकरीच्या मुलाखतीत हसं होईल, ही धास्ती आई-बापांनाही असते. मी पुण्याच्या वसतिगृहात ‘माले-तुले’वरून इतकं ऐकून घेतलं की सहा महिन्यांत अहिराणी जिभेवरून खरवडून काढली. त्यानं माझं मराठी सुधारलं असेल, पण आईला पत्र लिहिताना हात अडायला लागला. प्रमाण मराठी शिकवाच. त्या पोराच्या कार्यशाळेतही फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. २००१ च्या जनगणनेत खान्देशी बोलणारे (अहिराणी त्यातच मोजतात) वीस लाखांवर होते; २०११ मध्ये ते सुमारे १८ लाख ६० हजारांवर आले. माणसं काही कमी झालेली नाहीत. माझ्यासारख्यांनी ‘मातृभाषा’ पुढे दुसरं नाव सांगितलं असणार, असं मी समजतो.

राहिला अमेरिकेच्या फॅडचा मुद्दा. हिप-हॉप सुरू झालं ते १९७३ च्या ऑगस्टमध्ये, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या एका इमारतीच्या हॉलमध्ये, बहिणीनं शाळेच्या कपड्यांना पैसे जमवायला ठेवलेल्या पार्टीत. भाऊ रेकॉर्ड वाजवत होता. गरीब वस्तीतल्या पोरांनी हाताशी होतं त्यातून उभं केलेलं ते काम होतं. आणि ताल धरून दुसऱ्याला शब्दांत हरवणं आपल्याला नवीन कधी होतं? आपल्याकडे वहीगायनाची मंडळं आहेत, कलगी-तुऱ्याचे फड रात्र रात्र रंगायचे. माझी आजी सांगायची, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नदीच्या दोन काठांवर दोन गावच्या बायका उभ्या राहायच्या आणि गाण्यातून एकमेकींचा असा उद्धार करायच्या की ऐकणाऱ्यानं कान झाकावेत. त्या बायकांपुढे आजचे रॅपर मवाळ म्हणायचे.

मी अठरा वर्षं शिकागोत आहे, म्हणून इथलं सांगतो. ह्या शहरात ग्वेंडोलिन ब्रूक्स नावाची कवयित्री होऊन गेली. पुलित्झर पारितोषिक मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय लेखक, साल १९५०. एवढा मान मिळाल्यावर ती व्यासपीठावर बसून राहिली नाही. १९६७ मध्ये दक्षिण शिकागोतल्या ज्या टोळीच्या पोरांना सगळं शहर घाबरायचं, त्यांच्यासाठी तिनं कवितेच्या कार्यशाळा घेतल्या. त्याच वर्षी ४३ व्या रस्त्यावरच्या एका पडक्या इमारतीवर तरुण चित्रकारांनी आपल्या माणसांचे चेहरे रंगवले, मुहम्मद अलींपासून खुद्द ब्रूक्सपर्यंत. त्या भिंतीला नाव पडलं आदराची भिंत. भिंतीच्या समारंभात ब्रूक्सनं रस्त्यावर उभं राहून कविता वाचली. कविता, चित्र आणि मोहल्ल्यातली मुलं, तिन्ही एकाच वर्षी, शहराच्या एकाच दक्षिण भागात. आमच्या गटावर ज्याला आजकालचं खूळ म्हणतात ते इथे माझ्या जन्माच्या आधीचं आहे.

त्याचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. शहराच्या मध्यवर्ती वाचनालयात २००९ पासून तरुण मुलांसाठी एक दालन आहे. संगणक, ध्वनिमुद्रणाची खोली, माईक, शिकवायला पगारी कलाकार, आणि मुलांना पैसा लागत नाही. चान्स द रॅपर शाळकरी वयात तिथेच उभा राहून कविता म्हणायचा. २०२३ मध्ये शिकागोनं पहिल्यांदा शहराचा राजकवी नेमला, एव्हरी आर. यंग. तो कवी आहे, गातो, अक्षरांची चित्रं करतो आणि वर्षानुवर्षं शाळांत मुलांना लिहायला शिकवतोय. नेमताना कोणी विचारलं नाही की बाबा, तू नक्की कवी की गायक की चित्रकार?

म्हणून इथे सगळं आलबेल आहे असं समजू नका. ती आदराची भिंत १९७१ मध्ये आगीत होरपळली, पुढच्या वर्षी इमारतच पाडली. २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कला निधीनं देशभरातल्या कितीतरी संस्थांची मंजूर झालेली अनुदानं एका ईमेलनं रद्द केली. अनुदानाचे अर्ज भरून भरून कलाकार अर्जाच्याच भाषेत बोलायला लागतात, हेही मी पाहिलंय. आपल्या पोराच्या रॅपमध्ये तो वास अजून नाही.

पोलिसांच्या मुद्द्यावर फार बोलत नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये एका मराठी रॅपरवर राजकीय गाण्यासाठी गुन्हा दाखल झाला होता, तेव्हा भीती पोकळ नाही. इथेही रॅपच्या ओळी कोर्टात पुरावा म्हणून वाचल्या जातात. कॅलिफोर्नियाला २०२२ मध्ये त्यावर मर्यादा घालणारा कायदा करावा लागला. पण सहावीतल्या मुलीनं आईची आठवण भिंतीवर लिहिली, ह्यात पोलिसांना घाबरण्यासारखं काय आहे, हे मला त्या मित्रानं सांगावं.

मला खरं बोलायचंय ते पैशाबद्दल. त्या दिवशी कार्यशाळा संपल्यावर गावकऱ्यांनी पोराला शाल आणि नारळ दिला. त्यांच्या मनात आदरच होता. पण तो शाल घडी करून पिशवीत ठेवताना मी पिशवीत पाहिलं, आत आधीच्या दोन शाली होत्या. पेट्रोल त्याचं, गेरू-चुना त्याचा, कुंचले त्याचे. आठवड्याचे पाच दिवस तो मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं आणि त्याच दिवसांत विद्रोही साहित्य संमेलनही झालं. साने गुरुजींनी जिथे शिकवलं त्या गावाला हा मान मिळाला, मला लांबून अभिमान वाटला. दोन्ही मांडव उठले. त्यानंतर तालुक्यातल्या शाळांत महिन्यातून एकदा एका कवीला रीतसर मानधन देऊन बोलवायचं, एवढी सोय अजून कुठे दिसत नाही. गावातल्या वाचनालयाची एक खोली शनिवारी दुपारी उघडी ठेवायला किती खर्च येतो?

आम्ही परदेशातलेही ह्यात मागेच आहोत. इथलं महाराष्ट्र मंडळ १९६९ पासूनचं. मुंबई-पुण्याची नाटकं, गायक आम्ही हौसेनं बोलावतो आणि बोलवावेतच. पण खान्देशच्या ओट्यावर बसलेल्या माणसाला आम्ही कधी काही विचारलं नाही. मी आणि जिल्ह्यातले आणखी चार जण मिळून ह्या वर्षीच्या बारा कार्यशाळांचं मानधन आणि सामान देतोय. अट एकच घातली आहे, की आमची कुठलीही अट नाही. तो कोणत्या भाषेत गातो, कोणावर गातो, हे आम्ही विचारणार नाही. ज्यांना भिंतीवरचा ‘य’ पुसायचाय, त्यांनी आधी एक शनिवार त्या ओट्यावर येऊन बसावं. शिक्षक मित्रा, तू तर दहा किलोमीटरवर आहेस.

आणि माझ्या मुलीबद्दल. ती पंधरा वर्षांची आहे, वाचनालयाच्या त्या दालनात जाते, इंग्रजीत कविता लिहिते. मागे तिथल्या शिक्षकांनी सांगितलं, आजीच्या तोंडचा एक शब्द आणा. तिनं मला विचारलं. मी सांगितलं, ‘पाऊस’. माझ्या आईनं जन्मात पाऊस म्हटलेलं नाही, ती ‘पानी’ म्हणते. मला तेव्हा ते आठवलंही नाही, आणि मुलीनं ‘पाऊस’वर कविता लिहून टाकली.

गटावरचं भांडण झालं त्या शनिवारी मी तिला भिंतीचा फोटो दाखवला, ती ओळ वाचून दाखवली. तिनं माझ्याकडून फोन घेतला आणि सरळ आजीला लावला. इथे रात्रीचे आठ, तिकडे रविवारची सकाळ, साडेसहा. आई अंगणात सडा घालत होती, मागे बादलीचा आवाज येत होता.

“आजी, तू शाळेला काय म्हणतेस?”

आईला आधी प्रश्नच कळला नाही. मुलीनं परत विचारलं. बादली खाली ठेवल्याचा आवाज आला.

“शाया,” आई म्हणाली. मग थोड्या वेळानं, “पन मी शायाले गऊच नही ना, माय.”