नव्या पाळकसाहेबांना चार हिताच्या गोष्टी

नाशकात बदली झाली, अभिनंदन. हवा छान, मंडळी प्रेमळ. पहिल्याच रविवारी वंशभेदावर उपदेश करायचा म्हणता? जरूर करा. फक्त अन्याय समुद्रापलीकडचा आणि निदान पन्नास वर्षं जुना निवडा.

मार्टिन ल्यूथर किंग उत्तम. एप्रिल १९६३, बर्मिंगहॅमचा तुरुंग, तिथून लिहिलेलं पत्र. आवाज थोडा कापू द्या. मात्र ते पत्र आठ गोऱ्या धर्मगुरूंना उत्तर होतं, हे गाळा. आंदोलन अविचारी आहे, ही वेळ नव्हे, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या बाकावरचे कमिटीवाले उगाच चुळबुळतील.

दक्षिण आफ्रिकाही चालेल. तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या १८५७ च्या सिनॉडनं, म्हणजे धर्मसभेनं, ठरवलं, की सर्वांनी एकत्र भक्ती करणं शास्त्राला धरूनच आहे. पण ‘काहींच्या दुर्बलतेमुळे’ वेगळं बसायला हरकत नाही. दुर्बल कोण, तर गोरे! असा ठराव लिहिता येणारा सेक्रेटरी आपल्यालाही मिळो.

आपल्या नाशकातल्याच शरणपूरचा इतिहास तर हुकमी. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकी मुलं इथं मिशनच्या आसऱ्याला राहिली, शिकली. त्यांतलाच जेकब वेनराइट, आफ्रिकेत वारलेल्या मिशनरी-प्रवासी लिव्हिंगस्टनचं शव किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत होता. १८७४ साली वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनविधीत शवपेटीच्या मानकऱ्यांतही होता. ऊर भरून सांगा. मग उपासनेनंतर चहाच्या टेबलाशी एखादा आफ्रिकी विद्यार्थी भाड्याच्या खोलीचं विचारू लागला, की वरचा मजला रिकामा असलेले काका बशी खाली ठेवतील आणि म्हणतील, “होती रे, पण सध्या रंगाचं काम काढलंय.” तुम्ही बिस्किटं पुढे करा.

१९३० चा काळाराम सत्याग्रहही बिनधोक. तो ‘त्यांचा’ प्रश्न, आपल्यात जात नाही. लग्न जुळवताना “मूळचे कोण?” विचारतात, ती निव्वळ आपुलकी.

बायबलमधल्या आमोस संदेष्ट्याचं ‘न्याय पाण्याप्रमाणे वाहो’ हे वचनही घ्या, पण गंगापूर धरणाच्या आवर्तनासारखं समजावून सांगा: आधी बैठक, मग ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या कालव्याला.

इतकं सांगूनही मंडळीतल्याच अन्यायावर बोलायचं असेल, तर आधी पाळकगृहाचं गळकं छप्पर दुरुस्त करून घ्या. नंतर त्या बिलावर कोणी सही करणार नाही.