दहावीच्या भूगोलातून भारत वगळलेला नाही

नाशिकच्या पालकांच्या ग्रुपवर दोन दिवस एक मेसेज फिरतोय: ‘दहावीला भारताचा भूगोल काढला, आता फक्त ब्राझील!’ हे खरं नाही. राज्य मंडळाच्या 2018 पासूनच्या पुस्तकात भारत आणि ब्राझील शेजारी-शेजारी ठेवलेत. गंगेचं खोरं ॲमेझॉनच्या खोऱ्याशी ताडून मुलं स्वतःचाच देश नीट ओळखतात. मला ही रचना फार मोलाची वाटते. त्याआधी पहिलाच धडा क्षेत्रभेटीचा: प्रश्नावली, वही घेऊन बाहेर पडायचं. आपल्याकडे गंगापूर धरण हाकेच्या अंतरावर आहे, मुलांना जरूर न्या. कृपया मेसेज पुढे पाठवू नका, मुलं घाबरलीत.