वीस हजार विरुद्ध सात हजार

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दर काही महिन्यांनी एक फॉरवर्ड फिरून परत येतो. मजकूर साधारण असा: ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, बाई दिवसाला २०,००० शब्द बोलते आणि पुरुष फक्त ७,०००. तिचा मेंदूच तसा घडलाय. पुरुष थेट मुद्द्यावर येतो, बाई आडवळणाने बोलते. वाक्याच्या शेवटी “ना”, “हो की नाही” लावते, कारण तिला स्वतःची खात्री नसते.’ खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. विनोद म्हणून सोडून दिलं असतं. पण ‘सिद्ध केलंय’ म्हणताय, तर हिशेब बघूच.

आधी आकडा. मिनिटाला दीडशे शब्द धरले तर ७,००० शब्द पाऊण तासात संपतात. म्हणजे पुरुष दिवसभरात पाऊण तास बोलतो आणि बाकी वेळ मौनात असतो. चहाच्या टपरीवर एकदा तरी उभा राहिलेला माणूस हे कसं मान्य करेल?

हा आकडा जगभर गाजला तो लुआन ब्रिझेंडाइन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ बाईंच्या २००६च्या पुस्तकामुळे. भाषावैज्ञानिक मार्क लिबरमन यांनी त्याचं मूळ शोधायला घेतलं, तर मोजणी कुठेच सापडेना. सापडली ती सल्ल्याची पुस्तकं, आणि त्यांतही एकवाक्यता नाही: कुठे ५०,००० विरुद्ध २५,०००, कुठे ७,००० विरुद्ध २,०००. नंतरच्या आवृत्त्यांतून ब्रिझेंडाइन यांनी तो आकडा काढून टाकला. फॉरवर्डला मात्र नवी आवृत्ती निघत नाही.

खरी मोजणी २००७ साली छापून आली. मथायस मेल आणि सहकाऱ्यांनी अमेरिका आणि मेक्सिकोतल्या ३९६ विद्यार्थ्यांच्या अंगावर छोटं रेकॉर्डर दिलं. ते दर साडेबारा मिनिटांनी तीस सेकंद आपोआप चालू व्हायचं, कधी चालू झालं हे बोलणाऱ्याला कळायचं नाही. त्यावरून काढलेली दिवसाची सरासरी: बायका १६,२१५, पुरुष १५,६६९. हा फरक नगण्य निघाला. सगळ्यांत बडबड्या पुरुषाचे ४७,००० आणि सगळ्यांत अबोल पुरुषाचे जेमतेम ५००, हा फरक मात्र डोळ्यांत भरण्यासारखा.

आता विरुद्ध बाजूचंही सांगायला हवं. याच पद्धतीची मोठी मोजणी २०२५मध्ये आली, २,१९७ माणसांची, चार देशांतली. त्यात २५ ते ६४ वयोगटात बायका खरंच पुढे निघाल्या: सुमारे २१,८०० विरुद्ध १८,६००. तीनएक हजार शब्दांचा फरक. तेरा हजारांचा नव्हे. शिवाय त्याआधीच्या आणि नंतरच्या वयात असा ठळक फरक दिसला नाही, आणि मेंदूचा मुद्दा इथेच अडतो. घडणच तशी असेल तर ती पंचविशीत सुरू होऊन पासष्टीला निवृत्त कशी होते? या वयात लेकराबाळांशी दिवसभर कोण बोलतं, हे संशोधकांनीही एक संभाव्य कारण म्हणून सुचवलं आहे.

‘थेट’ आणि ‘आडवळण’ यांची गोष्ट तर मादागास्करमध्ये उलटी होते. तिथल्या एका मालागासी गावात एलिनॉर कीनन यांनी अभ्यास केला, तो १९७४ साली छापला. तिथे आडवळणाने बोलणं ही प्रतिष्ठेची कला, आणि ती पुरुषांची. समारंभातलं ‘कबारी’ नावाचं अलंकारिक भाषण तेच करतात. कुणाला तोंडावर सुनवायचं असेल, बाजारात घासाघीस करायची असेल, तर ते काम बायकांचं. गंमत म्हणजे तिथे बायकांच्या या थेट बोलण्याला कमी लेखतात. बाई जे करेल ते हलकं, एवढंच दोन्हीकडे सारखं!

राहिला ‘ना’. हा आरोप फॉरवर्डवाल्यांनी शोधलेला नाही. रॉबिन लेकॉफ या भाषावैज्ञानिक बाईंनीच १९७३ साली मांडलं की बायका प्रश्नार्थक शेपट्या, ‘मला वाटतं’, ‘जरासं’ अशी मऊ भाषा जास्त वापरतात आणि त्यातून त्यांचं दुबळं स्थान दिसतं. पण त्यांचा आधार मोजणी नव्हता, स्वतःचं आणि आसपासचं निरीक्षण होतं. पुढे ओबार आणि अ‍ॅटकिन्स यांनी नॉर्थ कॅरोलायनातल्या कोर्टांचं दीडशेहून जास्त तासांचं ध्वनिमुद्रण तपासलं. तज्ज्ञ म्हणून साक्ष देणाऱ्या बाईच्या तोंडी ही मऊ भाषा फार नव्हती. समाजात खालच्या पायरीवरच्या पुरुषांच्या तोंडी मात्र भरपूर होती. १९८०च्या लेखात त्यांनी तिला बायकांची नव्हे, सत्ता नसलेल्यांची भाषा म्हटलं.

आणि शेपटी म्हणजे नेहमी शंका असते असंही नाही. जॅनेट होम्स यांनी दाखवलं की अशा शेपट्यांचं एक काम समोरच्याला बोलतं करण्याचं असतं. ‘तुम्ही परवाच आलात ना?’ असं पाहुण्याला विचारणारी बाई त्याच्या येण्याबद्दल साशंक नसते. हेडमास्तर छडी हातात घेऊन ‘कळलं ना?’ म्हणतात, तेव्हा आत्मविश्वास नेमका कुणाचा कमी असतो?

उलट बाजूचाही एक फॉरवर्ड आहे, तोही मला पटत नाही: ‘९६ टक्के वेळा पुरुषच बाईचं बोलणं तोडतो.’ तो आकडा झिमरमन आणि वेस्ट यांच्या १९७५च्या लेखातला. पुरुष-बाई अशा अवघ्या ११ संभाषणांत ४८ वेळा बोलणं तोडलं गेलं, त्यांतले ४६ पुरुषांनी. ११ संभाषणांवरून जगाचा नियम काढता येत नाही, आणि पुढच्या बहुतेक अभ्यासांत स्पष्ट फरक दिसलाही नाही.

मग बायकांच्या तोंडात तीळ भिजत नाही असं इतक्या जणांना प्रामाणिकपणे वाटतं कसं? अ‍ॅन कटलर आणि डोनिया स्कॉट यांनी १९९०मध्ये याचाच प्रयोग केला. तेच संवाद कधी पुरुष आणि बाईच्या आवाजात, कधी दोघा पुरुषांच्या, कधी दोघी बायकांच्या आवाजात ध्वनिमुद्रित केले आणि ऐकणाऱ्यांना विचारलं, कोण किती बोललं? पुरुष-बाई जोडीत बाईचा वाटा जास्त आहे असं उत्तर आलं. तसं उत्तर देणारे नुसते पुरुष नव्हते, बायकाही होत्या.