तासगावच्या गुरुजींना उत्तर: शाळा सोडल्यावर आधार कुणाकडे मागायचा?

नमस्कार गुरुजी,

घरी शिकणाऱ्या मुलांना आधार कुठे मिळतो, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. जिल्हा परिषदेच्या शाळांत 31 वर्षं गणित शिकवलेल्या माणसानं वेळ काढून इतकं लिहिलं, त्याला दोन ओळींत उत्तर देणं मला बरं वाटेना. म्हणून हे लांबलेलं उत्तर.

तुम्ही म्हणता, माझी यादी पुण्या-मुंबईच्या लोकांची आहे, तासगावच्या पोरानं त्यातलं काय घ्यायचं? शिवाय मुलाला शाळेत घालणं हे कायद्यानं पालकांचं कर्तव्य असताना मी लोकांना भलत्या वाटेला लावते आहे. आणि तुम्हाला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट: "शाळेकडे पाठ फिरवायची आणि मग वाचनालय, कारागीर, मास्तर यांच्यासाठी समाजापुढेच हात पसरायचा, हा स्वार्थ आहे. इकडे पट कमी होऊन आमच्या शाळा बंद पडताहेत."

यादीबद्दल तुमचं बरोबर आहे. आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतली मुक्तांगण विज्ञान शोधिका पुण्यातच आहे, रोज उठून तिथं कुणी जाऊ शकत नाही. बालभारतीची पुस्तकं, 'किशोर' या मुलांच्या मासिकाचे 1971 पासूनचे अंक, टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावरची मराठी पुस्तकं हे सगळं फुकट मिळतं, पण ते वाचायला फोन लागतो आणि शेजारी बसणारं मोठं माणूसही लागतं. 1987 पासून निघणारं 'पालकनीती' घरी आलं की मला धीर येतो, पण मासिक माझ्या मुलीशी खेळायला येत नाही. मी कागदावरची साधनं सांगितली आणि माणसांबद्दल लिहायचं राहून गेलं. ते आज लिहिते.

माझी मुलगी बोलताना अडखळते. तिसरीत तिला रोज उभं राहून मोठ्यानं वाचायला लावायचे. शब्द अडकला की वर्ग हसायचा, आणि बाई म्हणायच्या, "बस खाली." शाळा कोणती ते सांगत नाही, त्यात बाईंचा एकटीचा दोष होता असंही मला वाटत नाही. वर्गात मुलं खूप होती. पण दिवाळीनंतर तिला रोज सकाळी उलटी व्हायला लागली. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि आठवडाभरात उलट्या थांबल्या. पुढं शाळा उघडली तेव्हा आम्ही तिला पाठवलं नाही. एवढीच आमची गोष्ट आहे. शिक्षणाचा कुठला मोठा विचार करून आम्ही बाहेर पडलो नव्हतो.

पहिलं वर्ष फार एकटं गेलं. बालवाचक सभासदत्वाच्या अर्जावर शाळेचं नाव हवं होतं. चित्रकलेची ग्रेड परीक्षा शाळेमार्फत, पाचवीची शिष्यवृत्तीही शाळेमार्फत. एसटीच्या विद्यार्थी पासला शाळेचा शिक्का. जिथं जावं तिथं बोनाफाईड मागायचे आणि आम्ही परत फिरायचो.

आम्ही मिरजेत राहतो. घरापासून सतारमेकर गल्ली चालत दहा मिनिटांवर. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण आम्ही तिथं गेलो ते त्याच्या आधी, आणि वाद्य विकत घ्यायलाही नव्हे. एका दुकानाच्या ओट्यावर भोपळे वाळत टाकले होते आणि मुलगी तिथून हलेना. आतल्या चाचांनी तिला काहीही विचारलं नाही. नाव नाही, इयत्ता नाही. एक भोपळा तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "वाजवून बघ, कच्चा आहे का पक्का." त्यानंतर दीड वर्ष ती आठवड्यातले तीन दिवस दुपारी तिथं बसत होती.

तिथं ती काय शिकली, हे तुम्हाला गणिताचे शिक्षक म्हणून सांगते. भोपळा पंढरपूरच्या बाजूनं येतो, दांडीला तुणीचं लाकूड लागतं, हे पहिल्या आठवड्यातलं. सतारीच्या दांडीवर पडदे, म्हणजे सुरांच्या पट्ट्या, बांधताना तिनं पट्टीनं मापं घेतली आणि वरचा सा तारेच्या बरोबर मध्यावर येतो हे तिला स्वतःच सापडलं. मग पंचम तारेच्या एक तृतीयांशावर कसा, हा प्रश्न. अपूर्णांक मी वहीत सहा महिने शिकवत होते, ते तिला त्या दिवशी कळले. जवारी काढणं, म्हणजे तारेचा नाद खुलवणं, मात्र अजून जमत नाही. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा पृष्ठभाग कानानं ऐकत घासायचा असतो, आणि चाचा म्हणतात त्याला दहा वर्षं लागतात.

आणि एक गोष्ट, जी मी मूळ लेखात लिहायला कचरले होते. तंबोरा जुळवताना चाचा सूर लावायला सांगायचे. गाताना ती अडखळत नाही. गुरुजी, माझ्या मुलीचा न तुटलेला आवाज मी त्या दुकानाच्या उंबऱ्यावर उभी राहून ऐकला.

तिथूनच पुढची दारं उघडली. गांधर्व महाविद्यालय मंडळाचं संगीत परीक्षांचं कामकाज मिरजेतूनच चालतं, आणि त्या परीक्षांना शाळा कोणती हे कुणी विचारत नाही. मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरसाला किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं असतं, त्याला तिकीट नसतं. वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंना मी माझ्या नावावर सभासद करून घ्यायला सांगितलं, तेव्हा त्यांनीच मुलीला पुस्तकांना कव्हर घालायला बसवलं. आज ती तिथं मला न विचारता जाते.

म्हणून तासगावच्या पोराबद्दल सांगते. तुमच्या गावात बेदाण्याचे सौदे होतात. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो. उरलेले तीन किलो कुठं गेले, या एका प्रश्नावर पाचवीच्या मुलाचा महिना जाईल: शेड, वारा, जाळी, साखर, भाव, आडत. हे शिकवणारी माणसं तासगावात घरटी आहेत. फक्त त्यांच्याकडे क्लास लावायला गेल्यासारखं जाऊ नये. मूल घेऊन जावं, ओट्यावर बसावं, पडेल ते काम करू द्यावं.

आता कायदा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या दहाव्या कलमात पालकांचं कर्तव्य आहे, ते मी लपवायला नको होतं. ते न पाळणाऱ्या पालकाला त्या कायद्यात शिक्षा सांगितलेली नाही आणि घरच्या शिक्षणाचा उल्लेखही नाही. या फटीत आम्ही उभे आहोत, हे वाचणाऱ्यानं समजून घ्यावं. पण पालकांचे गट करणाऱ्यांना मला एक धोक्याची सूचना द्यायची आहे. चार घरांनी मिळून शिक्षक नेमला, फी ठरवली, रोजची वेळ ठरवली, की ती विनामान्यता शाळा म्हटली जाऊ शकते. अठराव्या कलमात त्याला एक लाखापर्यंत दंड आहे आणि नंतर दर दिवसाला दहा हजारांपर्यंत. आमची चार कुटुंबं सांगली, जयसिंगपूर, इचलकरंजी अशी विखुरलेली आहेत. आम्ही महिन्यातून एका रविवारी भेटतो, पालक सोबत असतात, पैसे कुणी घेत नाही.

कागदांचं आधीपासून बघावं. शाळा सोडल्याचा मूळ दाखला जपावा, 17 नंबरच्या फॉर्मनं, म्हणजे खाजगीरीत्या, दहावीला बसायचं तर तो लागतो. राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ 2017 मध्ये आलं, त्यातून पाचवी आणि आठवीच्या पातळीची परीक्षा बाहेरून देता येते. आम्ही राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी ठरवली आहे. तिथं 14 वर्षं पूर्ण लागतात, मराठी माध्यम आहे, आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, एकेक विषय सोडवता येतो. आणि परत शाळेत जावंसं वाटलं तर चौथ्या कलमानं वयाप्रमाणे वर्गात प्रवेश मिळतो. आमच्यातलं एक मूल असं परत गेलं, आनंदानं गेलं, आणि तेही आम्ही अपयश मानत नाही.

राहिला स्वार्थाचा मुद्दा. त्यानं मला झोप लागू दिली नाही. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा, म्हणजे अशा शाळा एकत्र करून एक मोठी शाळा, करण्याचा विचार 2023 मध्ये पुढं आला, तेव्हा तुमच्यासारख्यांचं काय झालं असेल हे मला दिसतं. माझी मुलगी त्या पटावर नाही. हे खरं आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. ज्यांची आई दिवसभर मजुरीला जाते त्या मुलांना शाळेशिवाय कुणी नाही, हेही खरं. मी नोकरी सोडू शकले कारण घरात दुसरा पगार होता. जिथं तसं नाही, तिथं मी कुणालाही शाळा सोडा असं सांगणार नाही, आणि मूल शाळेत सुखी असेल तर मग मुळीच नाही.

पण हात पसरण्याबद्दल मला वेगळं वाटतं. आमच्या वस्तीतल्या शाळेत 'आनंददायी शनिवार', म्हणजे शनिवारी पुस्तकाबाहेरचे उपक्रम, सुरू झाला, तेव्हा मुख्याध्यापकांना बाहेरची माणसं हवी होती आणि त्यांना कुणी मिळेना. मी चाचांना घेऊन गेले. सातवीतल्या मुलांनी तंबोऱ्याचा भोपळा पहिल्यांदा हातात घेतला, त्यांच्या शाळेपासून अर्ध्या किलोमीटरवर तो पिढ्यान्‌पिढ्या तासला जातो तरीही. त्यानंतर मी महिन्यातले दोन शनिवार तिथं गोष्टी वाचून दाखवते. मुलगी सोबत येते, पेटी वाजवते, मधल्या सुट्टीत मुलींबरोबर खेळते. शाळेनं आम्हाला दाखला दिलेला नाही, आम्ही मागितलेलाही नाही. पण तिला तिथं मैत्रिणी मिळाल्या, आणि तुमच्यासारख्या एका शिक्षकांनी तिला मधल्या सुट्टीत वजाबाकीतली तिची चूक दाखवून दिली, जी मला दोन वर्षं दिसली नव्हती.

म्हणून शेवटी मागतेच आहे, गुरुजी. तिला पुढच्या वर्षी गणित घेऊन बसायचं आहे आणि भूमिती माझ्या आवाक्याबाहेर आहे. मिरजेहून तासगावला आम्ही गुरुवारी येऊ शकतो, सोबत जयसिंगपूरची दोन मुलं असतील. फी घेणार नाही असं तुम्ही म्हणाल, तर वाचनालयात किंवा तुमच्या जुन्या शाळेत जे काम असेल ते मुलं करतील. पहिले काही दिवस ती तोंडी उत्तर देणार नाही, वहीत लिहून दाखवेल. तेवढं चालेल का, ते कळवा.