२२ किलोवॉटचा डबा आणि ७ किलोवॉटची गाडी

इलेक्ट्रिक गाडी बुक केल्याची बातमी फुटली की तो फॉरवर्ड येतोच. माझ्याकडे आतापर्यंत चार वेगवेगळ्या ग्रुपांतून आलाय, दर वेळी वर हात जोडलेले आणि खाली ‘सर्वांना पाठवा’. मजकूर थोडक्यात असा:

“चार्जर घ्यायचा तर २२ किलोवॉटचाच घ्या, कुठलीही गाडी दोन-तीन तासांत फुल्ल. तेवढं जमत नसेल तर काहीच बसवू नका, घरातला १६ अँपिअरचा सॉकेट आणि चांगलं एक्स्टेन्शन पुरतं. अर्थिंगच्या भानगडीत पडू नका, गाडीचे टायर रबराचे असतात. ज्या कंपनीची गाडी त्याच कंपनीचा चार्जर लागतो, गाडी बदलली की तो भंगारात. रोज घरी चार्ज केलं तर बॅटरी लवकर मरते. आणि दोन गाड्या असतील तर लोड दुप्पट करून घ्या.”

सहा विधानं. एकही धड नाही, पण दोन-तीन विधानांच्या पोटात अर्धं खरं आहे आणि तेवढ्यावर हा मजकूर तगून आहे. क्रमानेच घेऊ.

“२२ किलोवॉटचाच घ्या”

घोळ ‘चार्जर’ या शब्दापासून सुरू होतो. बॅटरीला लागतो डीसी (एकाच दिशेने वाहणारा प्रवाह), घरात येतो एसी (दिशा बदलत राहणारा). एसीचा डीसी करणारं यंत्र, म्हणजे खरा चार्जर, गाडीच्या आत असतो. त्याला ऑनबोर्ड चार्जर म्हणतात. आपण ज्याला चार्जर म्हणतो त्या भिंतीवरच्या डब्यात मुख्यतः एक कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारा दणकट स्विच), विजेच्या गळतीवर नजर ठेवणारं सर्किट आणि गाडीशी बोलणारं सर्किट, एवढाच ऐवज असतो.

ते बोलणं मात्र गमतीदार आहे. डबा एका बारीक वायरीतून गाडीकडे १२ व्होल्टचा, सेकंदाला १००० वेळा वर-खाली होणारा सिग्नल पाठवतो. त्यात ‘वर’ राहण्याचा वाटा किती, त्यावरून गाडीला कळतं की किती अँपिअरपर्यंत ओढायची मुभा आहे. वाटा १० टक्के असेल तर ६ अँपिअर, ५० टक्के असेल तर ३०. गाडी आपल्या बाजूने रोध (रेझिस्टर) लावून ते १२ व्होल्ट आधी ९ वर आणते, मग ६ वर. ९ म्हणजे ‘प्लग लागलाय’, ६ म्हणजे ‘तयार आहे, सोड’. तेव्हा कुठे डब्यातला कॉन्टॅक्टर खट् करून बसतो. तोपर्यंत त्या जाड केबलमध्ये वीजच नसते. म्हणजे डबा फक्त कमाल मर्यादा सांगतो. घ्यायचं किती ते गाडी ठरवते, आणि आतल्या चार्जरच्या कुवतीबाहेर तिलाही जाता येत नाही.

आता आकडे. २३० व्होल्टवर सिंगल फेजचे ३२ अँपिअर म्हणजे साधारण ७.४ किलोवॉट, तीन फेजचे १६ अँपिअर म्हणजे ११, तीन फेजचे ३२ म्हणजे २२. ज्या गाडीत ७.२ किलोवॉटचा सिंगल फेज चार्जर आहे ती २२ च्या डब्यावर एकच फेज वापरते. उरलेल्या दोन फेज रात्रभर नुसत्या उभ्या. तिची ६० युनिटची (एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास) बॅटरी रिकामी झाली तर भरायला नऊएक तास लागणार, डबा कितीही मोठा असो. प्लग-इन हायब्रिडमध्ये तर आतला चार्जर बहुधा ३.३ ते ३.७ किलोवॉटचाच असतो.

उलटी फसगतही होते आणि ती जास्त चिडवणारी आहे. गाडी ‘११ किलोवॉट एसी’ची, घरी सिंगल फेज, डबा ३२ अँपिअरचा. आपण धरून चालतो की ७.४ मिळतील. पण त्या ११ चे आत तीन भाग असतात, प्रत्येक १६ अँपिअरचा. काही गाड्या सिंगल फेजवर दोन भाग एकत्र करून ३२ पर्यंत घेतात, काही एकाच भागावर चालतात आणि ३.७ वर अडकतात. म्हणून ब्रोशरमधला मोठा आकडा वाचून थांबू नका. ‘सिंगल फेजवर किती अँपिअर घेते?’ हा नेमका प्रश्न विचारा. विक्रेता बहुतेक वेळा चाचरतो. उत्तर गाडीच्या मॅन्युअलमध्ये सापडतं.

शिवाय घाई कशाची आहे? मध्यम आकाराची गाडी १०० किलोमीटरला १५ युनिटच्या आसपास खाते. रोजचे ४० किलोमीटर धरले तर ६ युनिट, चार्जिंगमधली तूट धरून ७. हे ७ युनिट ७.४ किलोवॉटच्या डब्यावर तासाभरात भरतात, ३.३ वर सव्वादोन तासांत. गाडी रात्री दहा तास उभी असते. २२ चा डबा शोभतो तो आत खरोखर २२ चा चार्जर असलेल्या गाडीला, तीन फेज जोडणी आधीच असलेल्या घरात, आणि दिवसातून दोनदा लांब पळणाऱ्या माणसाला. अशी माणसं आहेत, पण फॉरवर्ड वाचणाऱ्यांत फार नसावीत.

“सॉकेट आणि एक्स्टेन्शन पुरतं”

यातला सॉकेटचा भाग अर्धा खरा आहे. इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी साधारण २ ते ४ युनिटची, तिचा चार्जर काहीशे वॉटचा. तिच्यासाठी भिंतीवर डबा बसवणं म्हणजे हौस. लहान बॅटरीच्या हायब्रिडचं आणि रोज २०-३० किलोमीटर फिरणाऱ्या छोट्या गाडीचंही चांगल्या सॉकेटवर निभतं. २३० व्होल्टला १० अँपिअर म्हणजे २.३ किलोवॉट, रात्रभरात गाडी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालेल एवढी वीज भरते.

अडचण वेगळीच आहे. ‘याच सॉकेटवर गीझर चालतो की’ असं जो म्हणतो, त्याला विचारा गीझर सलग किती वेळ चालतो. पाव तास, फार तर अर्धा. गाडी आठ तास पूर्ण भार ओढते. सॉकेटच्या आतली पितळी पकड थोडी सैल झाली आणि तिथला रोध ०.१ ओहम झाला, तर १६ अँपिअरला त्या एका टिंबावर २५ वॉटहून जास्त उष्णता तयार होते. म्हणजे सोल्डरिंग आयर्नएवढी, बंद प्लास्टिकच्या डबीत, रात्रभर. तीच १० अँपिअरला १० वॉट होते, कारण उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. म्हणून सॉकेटला लावायच्या पोर्टेबल चार्जिंग केबलवर अँपिअर निवडायची सोय असेल तर १० वर ठेवा. पार ६ वरही उतरवू नका. चार्जिंग चालू असताना गाडीतले संगणक आणि पंप जागेच असतात, त्यांचं खाणं ठरलेलं, मग थेंबथेंब भरताना त्यांचा वाटा वाढतो.

एक्स्टेन्शनबद्दल मला वादच घालायचा नाही. मध्ये आणखी दोन सांधे, बारीक वायर, आणि बहुतेकदा गुंडाळलेलं भेंडोळं, जे स्वतःच्या उष्णतेत शिजतं. तपकिरी पडून प्लगला चिकटून बसलेला सॉकेट मी पाहिलाय. तो पकडीने ओढून काढावा लागला.

सगळ्या फॉरवर्डमध्ये ‘वायर’ हा शब्द कुठेच नाही, आणि मला तिचीच सर्वांत जास्त काळजी वाटते. मीटरपासून पार्किंगपर्यंत ३० मीटर अंतर धरा. जाऊन-येऊन ६० मीटर तांबं. ४ चौरस मिलिमीटरच्या वायरीत ३२ अँपिअरला जवळपास ९ व्होल्ट वाटेतच जातात आणि सुमारे २८० वॉट उष्णता होते. ६ चौरस मिलिमीटरला ६ व्होल्ट आणि १९० वॉट, १० ला साडेतीन व्होल्ट आणि ११० वॉट. हे हिशेब थंड तांब्याचे. तापल्यावर आकडे चढतात. वायर भिंतीच्या आत, पाइपात, इतर वायरींच्या गर्दीत असेल तर तिची सुरक्षित क्षमता आणखी उतरते. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये गाडीचं चार्जिंग सलग चालणारा भार मानून सर्किट सव्वापट ठेवायला सांगितलंय: ३२ अँपिअरला ४० चं. तुमच्याकडे नियम वेगळा असेल, तापणारं तांबं तेच. डब्यावर वाचवा, वायरीवर वाचवू नका. डबा बदलायला तासभर लागतो, भिंतीतली वायर बदलायला भिंत फोडावी लागते.

“टायर रबराचे असतात”

हे वाक्य लिहिणाऱ्याला शोधून काढावंसं वाटतं. टायर रबराचे म्हणजे गाडीचा पत्रा जमिनीपासून अलग, बरोबर. आता आत कुठे इन्सुलेशन फाटलं आणि पत्र्यात फेज उतरली, तर तिला जमिनीकडे जायला वाट नाही. ती तिथेच थांबून राहते, पावसात भिजत येऊन दाराच्या हँडलला हात लावणाऱ्या माणसासाठी. अर्थची वायर असेल तर गळती त्याच क्षणी तिथून वाहते आणि आरसीसीबी (गळती जाणवली की वीज तोडणारा स्विच) पडतो, कुणी हात लावायच्या आधी.

गाडीशी बोलणारा तो सिग्नल परत येतो तोही याच अर्थ वायरीतून. डब्यापासून गाडीपर्यंत ती तुटली तर बोलणं तुटतं आणि चार्जिंग थांबतं. बरेच डबे आणि पोर्टेबल केबल त्यापुढे जाऊन घराचं अर्थिंगही तपासतात आणि नापास झालं की लाल दिवा लावून गप्प बसतात. इथून खरी धोकादायक करामत सुरू होते: सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ आतल्या आत जोडायचे, म्हणजे डब्याला अर्थिंग असल्याचा भास होतो. दिवा हिरवा, सगळे खूश. पुढे कधी मागची न्यूट्रल तुटली तर फेज गाडीतून फिरून त्या जोडावरून थेट पत्र्यावर येते. असा उपाय सुचवणारा वायरमन आला तर चहा न पाजता वाटेला लावा.

आरसीसीबी म्हटलं की कुठलाही चालतो हाही समज आहे. साधा ‘एसी’ प्रकार इथे चालत नाही. गाडीतल्या चार्जरमध्ये बिघाड झाला तर डीसी गळती होऊ शकते. ती आरसीसीबीच्या गाभ्याला चुंबकीयदृष्ट्या बधिर करते आणि मग त्याला एसी गळतीही जाणवत नाही. ‘ए’ प्रकार ६ मिलिअँपिअरपर्यंतची सपाट डीसी सहन करून काम करतो. म्हणून एकतर ‘बी’ प्रकार लावा, किंवा डब्यातच ६ मिलिअँपिअर डीसी पकडणारा सेन्सर आहे ना हे बघून बाहेर ‘ए’ लावा. आणि डब्याची लाइन घराच्या सामायिक आरसीसीबीच्या मागून नको, मुख्य बोर्डावरून वेगळी काढा. नाहीतर गाडीतला बिघाड स्वयंपाकघराचं संरक्षणही आंधळं करून ठेवतो.

“त्याच कंपनीचा चार्जर”

नाही. वर सांगितलेली भाषा आयईसी ६१८५१ या आंतरराष्ट्रीय मानकातली आहे आणि एसी चार्जिंगमध्ये जवळपास सगळ्या कार तीच बोलतात. फरक पडतो तो प्लगच्या आकाराने. टाइप १ ला पाच पिना आणि एकच फेज, टाइप २ ला सात पिना आणि तीन फेजपर्यंत सोय. टेस्लाचा उत्तर अमेरिकेतला प्लग दिसायला वेगळा, पण एसीला बोलतो हेच. पुढची गाडी वेगळ्या प्लगची येईल अशी शंका असेल तर केबल जोडलेला डबा न घेता टाइप २ सॉकेटचा डबा घ्या आणि केबल वेगळी ठेवा. फक्त केबलही आपली कुवत स्वतः सांगते हे लक्षात असू द्या: प्लगमध्ये एक रोध असतो, २० अँपिअरच्या केबलला ६८० ओहमचा, ३२ च्या केबलला २२० चा. डबा ३२ चा, गाडी ३२ ची आणि मध्ये २० ची केबल असेल तर गाडी २० वरच थांबते आणि माणूस महिनाभर सर्व्हिस सेंटरला फोन करत बसतो. स्कूटरची गोष्ट वेगळी. तिथे अनेकदा चार्जर बाहेरचा, थेट डीसी देणारा असतो, आणि तो त्या गाडीचाच वापरावा.

“रोज घरी चार्ज केलं तर बॅटरी मरते”

५० युनिटच्या बॅटरीला ७ किलोवॉट म्हणजे तिच्या क्षमतेच्या सातव्या भागाच्या वेगाने भरणं. हायवेवरचा ५० किलोवॉटचा डीसी चार्जर तिला याच्या सातपट वेगाने भरतो. दोहोंत सौम्य कुठलं हे उघड आहे. जपायचं ते टक्क्यांना: निकेल असलेल्या बॅटरीला रोज ८० टक्क्यांवर थांबवणं बरं, एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) बॅटरीला मात्र अधूनमधून १०० पर्यंत नेलं नाही तर उरलेल्या चार्जचा अंदाज चुकायला लागतो. याबाबतीत दोन शेजाऱ्यांचे सल्ले एकमेकांच्या उलट असू शकतात आणि दोघंही बरोबर असू शकतात.

“दोन गाड्या, दुप्पट लोड”

दोन्ही गाड्या रोज ४० किलोमीटर धावल्या तरी मिळून १४ युनिट. एका ७.४ च्या लाइनवर दोन तासांचं काम. डबे एकमेकांशी जोडता येत असतील तर तीच ३२ अँपिअरची लाइन १६-१६ वाटून घेतात, आणि एक गाडी भरली की दुसरीला पूर्ण मिळतं. मुख्य वायरीभोवती करंट मोजणारी चिमट्यासारखी कडी बसवली तर डबा घराचा एकूण भार बघतो. गीझर आणि एसी एकदम चालू झाले की सिग्नलचा वाटा कमी करून गाडीला थोडं आवरायला सांगतो. लोड, म्हणजे वीज कंपनीने मंजूर केलेला भार, वाढवायचा अर्ज करायचाच असेल तर आधी आठवडाभर मीटरवरचा सर्वाधिक भार टिपून ठेवा. कधीकधी अर्जाची गरजच उरत नाही.

दुसरी गाडी खरंच येणार असेल तर आज पार्किंगपर्यंत एक रिकामा पाइप जास्तीचा टाकून घ्या. दोन केबल एकाच पाइपात कोंबल्या तर एकमेकींना तापवतात. रिकाम्या पाइपात नायलॉनची दोरी ओढून दोन्ही टोकांना गाठ मारून ठेवायला सांगा, आणि वायरमन जायच्या आधी ती एकदा स्वतः ओढून बघा.