हुमणही हवं, सुकंही हवं

परत तेच! म्हापशातल्या खानावळींची साइट, जँगोत (पायथनमध्ये वेबसाइट बांधायची चौकट). गिऱ्हाइकाला सुंगटांचं हुमण (कोळंबीची आमटी) आणि तिसऱ्यांचं सुकं, दोन्ही मिळणारी खानावळ हवी. 'इन' (यादीतलं कुठलंही एक चालेल) लावलं तर नुसतं हुमण असलेलीही येते, आणि दोन्ही असलेली दोनदा! डिस्टिंक्टने जुळी जातात, पण नुसतं हुमणवाली ठाण मांडून तिथंच. एकाच फिल्टरमध्ये दोन्ही अटी 'अँड'ने जोडल्या की शून्य. कारण तो खानावळी नि पदार्थ जोडणाऱ्या मधल्या टेबलाच्या एकाच ओळीत दोन्ही शोधतो. अरे बाबा, एका ओळीत एकच पदार्थ असतो ना! फिल्टरमागे दुसरा फिल्टर लावला की त्या टेबलाशी वेगळा जॉइन (जोड) होतो नि उत्तर बरोबर येतं. हे मला पाठ आहे. तरी दर खेपेला त्या शून्याकडे बघत दीड वाजतो. (तोवर खालच्या खानावळीतलं सुकं संपलेलं.)